आर्गनच्या आडोशाला

फॅब्रिकेशनच्या दुकानात ज्याला सरसकट 'आर्गन वेल्डिंग' म्हणतात, ते टिग वेल्डिंग घरच्या कार्यशाळेत कसं शिकावं आणि जमू लागल्यावर सुधारत कसं न्यावं, हा या पुस्तकाचा विषय. आयटीआयच्या वेल्डर ट्रेडची क्रमिक पुस्तकं आहेत, मशीनबरोबर माहितीपत्रकंही येतात. पण क्रमिक पुस्तक धरून चालतं की शिकणाऱ्याच्या शेजारी निदेशक उभा आहे. टॉर्चचा कोन तो स्वतः हात धरून नीट करून देईल, सांधा बिघडला तर पुन्हा मारायला लावेल. कारखान्यात हे काम क्वालिटीचा माणूस करतो. त्याने खडूने फुली मारली की काम परत. गॅरेजच्या कोपऱ्यात किंवा गच्चीवरच्या पत्र्याच्या शेडमध्ये एकट्याने शिकणाऱ्याला यातलं कोणीच लाभत नाही. त्याचा सांधा बघायला घरची माणसं येतात आणि छान झालंय म्हणतात.

त्यामुळे घरी शिकणाऱ्यावर दोन कामं येऊन पडतात. सांधा मारायचा, आणि तोच सांधा तपासून गरज पडली तर नापासही करायचा. दुसरं काम ज्याने अंगी बाणवलं नाही, त्याचं पहिलं काम थोड्याच दिवसांत एका जागी अडकतं. तीच पट्टी, तीच चूक, फक्त हात जरा चपळ झालेला. म्हणून या पुस्तकातलं जवळजवळ प्रत्येक प्रकरण शेवटी तपासणीवर येऊन थांबतं. मशीन कोणतं घ्यावं, टंगस्टन किती जाडीचं, कप कोणत्या नंबरचा, हे सगळं दिलं आहेच. पण ते वाचताना 'मी केलेलं बरोबर आहे हे मला कशावरून कळणार?' हा प्रश्न सतत जवळ ठेवावा, एवढी माझी विनंती आहे.

आधी पद्धत थोडक्यात. साध्या आर्क वेल्डिंगमध्ये रॉड हाच इलेक्ट्रोड असतो. आर्क लागली की रॉड वितळू लागतो, म्हणजे उष्णता दिली की धातू पडणारच. एक वाढवून दुसरं कमी करणं वेल्डरच्या हातात फारसं नसतं. टिगमध्ये ही दोन कामं तोडून वेगळी केली आहेत. उष्णता येते टंगस्टनच्या कांडीतून. टंगस्टन ३,४२२ अंश सेल्सिअसला वितळतं, सगळ्या धातूंत सर्वांत शेवटी, म्हणून ते आर्क पेलतं आणि स्वतः सांध्यात उतरत नाही. भरायचा धातू डाव्या हातातल्या फिलरमधून, लागेल तेव्हा आणि लागेल तेवढाच. करंट कमीजास्त करणारं पेडल पायाखाली. आणि या सगळ्यावर टॉर्चच्या कपातून उतरणारं आर्गन. ते कशाशीही संयोग करत नाही आणि हवेपेक्षा जड असल्याने सांध्यावर पसरून हवेला दूर ठेवतं. स्लॅग नाही, ठिणग्या जवळजवळ नाहीत, धूर कमी. दोन हात आणि एक पाय एकाच वेळी तीन वेगळी कामं करतात, त्यामुळे टिग अवघड समजलं जातं, आणि ते आहेच. पण ज्याला स्वतःच स्वतःला शिकवायचं आहे त्याला याहून सोयीची पद्धत नाही, कारण इथे जे घडतं ते उघड्यावर घडतं.

ही पद्धत घडली विमानाच्या कारखान्यात. जॅक नॉर्थ्रॉप यांना मॅग्नेशियमचं विमान बांधायचं होतं. मॅग्नेशियम वजनाला हलकं, पण तापलं की हवेत पेट घेतं. फ्लक्स वापरून जोडावं, तर सांध्यात राहून गेलेला फ्लक्स पुढे धातूच खात बसतो. कॅलिफोर्नियातल्या त्यांच्या कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी टंगस्टनचा इलेक्ट्रोड घेतला, त्याभोवती हेलियम सोडला आणि मॅग्नेशियम जोडून दाखवलं. १९४२ मध्ये त्यांना टॉर्चचं पेटंट मिळालं. पद्धतीला नाव पडलं 'हेलिआर्क'. निष्क्रिय वायूच्या आडोशाला वेल्डिंग करण्याची कल्पना त्याआधीही मांडली गेली होती, पण तिला कामाला जुंपलं ते मॅग्नेशियमने. पुढे हवेपासून ऑक्सिजन वेगळा करणाऱ्या कारखान्यांतून आर्गनही मिळू लागलं (हवेत ते साधारण ०.९३ टक्के असतं) आणि बहुतेक ठिकाणी हेलियमची जागा आर्गनने घेतली. जिथे हवेचा स्पर्श आणि फ्लक्सचा कण दोन्ही चालणार नव्हते, अशा कामासाठी ही पद्धत बसवली गेली, हे शिकणाऱ्याने कधी विसरू नये. तिच्यात घाण पोटात घालणारं काहीच ठेवलेलं नाही. साधा रॉड गंजलेल्या पट्टीवरही कसाबसा चालतो, कारण त्याच्यावरचा लेप मळ ओढून स्लॅगमध्ये नेतो. टिगमध्ये तो मळ सांध्यातच राहतो.

म्हणून टिगची निम्मी कारागिरी आर्क लागण्याआधीच होऊन जाते, असं मी ठामपणे म्हणतो. बाजारातली काळी पट्टी, म्हणजे हॉट रोल्ड माल, तिच्यावर निळसर काळा पापुद्रा असतो. तो ग्राइंडरने उतरवून खाली चकचकीत धातू दिसला पाहिजे. सांध्यापासून दोन्हीकडे बोटभर रुंद, आणि वरून जसा तसाच खालूनही. खालची बाजू हमखास राहून जाते, आणि उष्णता आरपार गेली की तिथला मळ उकळून वर येतो. मग पडलमध्ये, म्हणजे आर्कखाली वितळलेल्या धातूच्या थेंबात, बुडबुडे फुटू लागले की माणूस गॅसला दोष देतो. पट्टी घासल्यावर अॅसिटोनने पुसायची, फिलरही पुसायचा. फिलर पुसलेला कपडा एकदा उलटून बघावा, म्हणजे हा सल्ला पुन्हा द्यावा लागत नाही. पावसाळ्यात कोकणात, आणि मुंबई-ठाण्यातही, माइल्ड स्टीलच्या फिलरवर तांब्याचा मुलामा असूनही टोकाकडून गंज चढतो. झाकणाच्या नळीत ठेवलेले फिलर टिकतात, भिंतीला टेकवून ठेवलेले टिकत नाहीत. स्टेनलेससाठी वायर ब्रश वेगळा आणि तोही स्टेनलेसचाच. लोखंडावर फिरवलेला ब्रश स्टेनलेसवर चालवला तर काही दिवसांनी सांध्याच्या कडेने तांबूस डाग उमटतात.

सांध्याच्या कडा एकमेकींना नीट भिडल्या पाहिजेत. ग्रिलच्या कामात कमीजास्त फट रॉडने भरून काढायची पद्धत आहे, आणि तिथे ती खपते. टिगमध्ये पातळ पत्र्याच्या दोन कडांत फट राहिली की आर्क आधी त्या कडा खाते, भोक पडतं आणि पुढचा सगळा वेळ भोक बुजवण्यात जातो. कानस घेऊन कडा जुळवायला गेलेली दहा मिनिटं वाया गेली असं वाटणं स्वाभाविक आहे. ती वाया जात नाहीत.

आता डोळ्यांकडे येतो. आपला हात थरथरतो, त्यामुळे आपल्याला टिग जमणार नाही, अशी तक्रार घेऊन येणारी माणसं भेटतात. बऱ्याचदा हाताचा काही दोष नसतो. त्यांना पडल दिसतच नसतं. वितळलेल्या धातूचा तो चकचकीत थेंब जेमतेम चार-पाच मिलिमीटरचा असतो आणि चेहऱ्यापासून हातभर अंतरावर असतो. चाळिशीनंतर जवळचं वाचायला चष्मा लागतो, तोच इथेही लागतो. हेल्मेटच्या आत बसवायची नंबरची काच मिळते, तीही फार महाग नसते. काचेची छटा टिगला करंटप्रमाणे ९ ते ११ च्या दरम्यान लागते. आपोआप काळी होणारी हेल्मेट आता सहज मिळतात, पण मागून खिडकीचा उजेड आला तर काचेच्या आतल्या बाजूला आपलाच चेहरा दिसतो आणि पडल हरवतं. खिडकीकडे पाठ करून बसू नये, किंवा मानेवरून जाड कापड सोडावं. हात सुधारण्याच्या खटपटीत पडण्याआधी दिसण्याची सोय लावा. जे दिसत नाही ते सुधारता येत नाही.

दिसायला लागल्यावर बघायचं काय, ते जरा जवळून सांगतो. दोन मिलिमीटरचा स्वच्छ पत्रा, ८० अँपिअरच्या आसपास करंट (लोखंडाला दर मिलिमीटर जाडीमागे ४० अँपिअर हा सुरुवातीचा ठोकताळा), टंगस्टनचं टोक पत्र्यापासून दीड-दोन मिलिमीटर वर. आर्क लागते. पहिल्यांदा नुसता तांबडा ठिपका दिसतो. मग त्याच्या मधोमध ओलसर चमक येते, ती कडेकडेने पसरते आणि एका क्षणी पृष्ठभाग आरशासारखा हलू लागतो. तेच पडल. ते तयार होईपर्यंत पुढे सरकायचं नाही. दोन तुकड्यांचा कोपरा जोडत असाल तर आधी दोन्ही कडांवर दोन वेगळे थेंब दिसतात आणि मग एकदम एकमेकांत ओढले जातात. ते एक होण्याआधी फिलर लावला तर तो दोघांवर पूल बांधून बसतो, आणि खालची फट तशीच राहते. थेंब एक झाला की पुढच्या कडेला फिलरचं टोक टेकवायचं, थेंब फुगतो, टोक मागे घ्यायचं, पण कपातून येणाऱ्या आर्गनच्या बाहेर न्यायचं नाही. बाहेर गेलेलं लाल टोक हवेत काळं पडतं आणि पुढच्या वेळी तो काळेपणा पडलमध्ये जातो. टोक पडलला लागण्याआधीच वितळून गोळी होऊन खाली पडत असेल, तर टॉर्च फार आडवा झाला आहे आणि आर्क फिलरवर जाते आहे. टॉर्च उभ्याच्या जवळ, दहा-वीस अंश मागे कललेला. फिलर जवळजवळ आडवा, पत्र्याशी पंधरा-वीस अंशांत.

हे सगळं एकाच दिवशी जमवायचा अट्टहास धरू नये. पहिले काही दिवस फिलरला हातच लावायचा नाही. नुसतं पडल तयार करायचं आणि पत्र्यावरून सरळ रेषेत चालवत न्यायचं. पट्टीची रुंदी एकसारखी आली का, हे मोजपट्टीने पाहायचं. मग पत्रा उलटा करायचा. मागे उमटलेली निळी-करडी रेषा एकसारखी असेल तर वेग सारखा होता. मध्येच ती पुसट झाली असेल तर तिथे हात घाईत होता, दाट झाली असेल तर तिथे रेंगाळला. पुढच्या बाजूने जे लपून जातं ते मागची बाजू हटकून दाखवते. दरम्यान, संध्याकाळी मशीन बंद असताना फिलर बोटांतून पुढे सरकवायचा सराव करत राहावा. अंगठ्याने ढकलायचा, बाकी बोटांनी धरायचा. बसमधून जाताना पेन घेऊनही हे होतं. आणि प्रत्येक सांध्याआधी आर्क न लावता हात एकदा पूर्ण लांबी फिरवून बघायचा. मनगट कुठे अडतं, केबल कुठे ओढते, कोपर कुठे टेकतं, ते तेव्हाच कळतं.

टंगस्टनच्या टोकाबद्दल पुस्तकात सबंध प्रकरण आहे. ते कोणाला लांबलेलं वाटेल, पण मला ते आखडतं घेता आलं नाही. लोखंड आणि स्टेनलेसला टोक पेन्सिलीसारखं, कांडीच्या जाडीच्या दोन-अडीच पट लांब. घासताना कांडी चाकाला अशी धरायची की घासल्याच्या रेघा टोकाच्या दिशेने लांबीत जातील. रेघा आडव्या गोल गेल्या की आर्क भरकटते, आणि नवशिका समजतो की आपलाच हात भरकटला. टंगस्टन घासायचं चाक दुसऱ्या कशालाही वापरू नये. लाल पट्ट्याची कांडी थोरिया असलेली असते. थोरियम किरणोत्सारी आहे, आणि कांडी नुसती हातात धरण्यापेक्षा घासताना तिची धूळ श्वासात जाणं हा खरा धोका. निळ्या किंवा सोनेरी पट्ट्याची लँथॅनम असलेली कांडी घरच्या सगळ्या कामाला पुरते, त्यामुळे लाल घेण्याचं कारण मला दिसत नाही. टोक पडलला बुडलं तर थांबून पुन्हा घासायचं. घाण टोकाने मारलेला सांधा पुढे चालूच ठेवणं ही घरच्या कार्यशाळेतली सर्वांत मोठी खोड आहे. आर्क विझल्यावरही टोक वाचता येतं. चांदीसारखं पांढरं राहिलं तर गॅस पुरेसा होता. निळं-जांभळं झालं तर आर्क विझल्यावर गॅस लवकर बंद झाला. १० अँपिअरमागे एक सेकंद गॅस नंतर वाहू द्यायचा, आणि तोवर टॉर्च जागचा हलवायचा नाही.

गॅसचा हिशोब मात्र आधीच करून ठेवावा. मोठ्या निळ्या सिलिंडरमध्ये ७ घनमीटर आर्गन येतं, म्हणजे ७,००० लिटर. मिनिटाला ८ लिटर धरले तर ८७५ मिनिटं, साडेचौदा तास निव्वळ आर्क. दीड घनमीटरच्या लहान सिलिंडरात तीन तासांच्या आसपास. सरावाला लहान सिलिंडर घेतला तर भरून आणायच्या खेपाच जास्त होतात. गॅस शुद्ध आर्गनच हवा. शेजारच्या फॅब्रिकेटरकडे मिगसाठी आर्गन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण असतं, ते टिगला लावलं तर टंगस्टन जळून जातं. प्रवाह वाढवला की संरक्षण वाढतं, हाही गैरसमज आहे. प्रमाणाबाहेर वाढवला की कपाच्या तोंडाशी भोवरे होतात आणि तेच हवा आत ओढतात. आपल्याकडे खरा शत्रू पंखा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये पंख्याशिवाय बसवत नाही आणि पंख्याच्या झुळकीत आर्गन टिकत नाही. सांधा अचानक काळा, खरखरीत, भोकाभोकांचा आला की आधी वारा कुठून येतो ते बघावं, मग नळीचे जोड, मग सिलिंडर. माझ्या मते उन्हाळ्यात सराव पहाटे करावा. पावसाळ्यात ओली फरशी आणि घामाने भिजलेले हातमोजे यांच्याशी वीज जोडलेली आहे, याचं भान ठेवावं. कोरडी लाकडी फळी पायाखाली असू द्यावी.

विजेच्या भाराबद्दल मात्र घरोघरी उगाच धास्ती असते. १०० अँपिअरवर टिगच्या आर्कला साधारण १४ व्होल्ट लागतात, म्हणजे आर्कमध्ये जाणारी शक्ती जेमतेम १.४ किलोवॅट. मशीनमधली तूट धरूनही एवढ्या करंटला घरचं सिंगल फेज, १६ अँपिअरचं चांगलं सॉकेट आणि जाड वायर पुरते. मात्र २०० अँपिअर मागायला गेलात तर वेगळी लाइन हवी. मशीनबद्दल याहून जास्त इथे लिहीत नाही. आर्क टंगस्टन न टेकवता लागावी, गॅस नंतर वाहता राहावा आणि पेडल जोडता यावं, या तीन गोष्टी असल्या की शिकायला मशीन पुरेसं आहे. अॅल्युमिनियम करायचं असेल तर एसी-डीसी दोन्ही देणारं, आणि ते बरंच महाग.

आता ज्या मुद्द्यासाठी पुस्तक लिहिलं त्याकडे. टिगचे फोटो बघून लोक शिकायला येतात. नाण्यांची चळत आडवी पाडल्यासारख्या लाटा, स्टेनलेसवर सोनेरी-निळे रंग. ते सुंदर असतं, आणि सुंदर काम करण्याची ओढ मला मोलाची वाटते. पण वरच्या लाटांवरून खाली सांधा लागला आहे की नाही हे कळत नाही. ते कळायला सांधा कापावा लागतो. ३ मिलिमीटरच्या दोन पट्ट्या घ्या, एक आडवी, तिच्यावर दुसरी उभी, एका बाजूने सांधा मारा. थंड झाल्यावर हॅकसॉने आडवा छेद घ्या. कापलेलं तोंड कानशीने सपाट करा, मग पॉलिश पेपरने, आधी जाड, मग बारीक, ओरखडे जाईपर्यंत. पीसीबी कोरायला जे फेरिक क्लोराइड वापरतात, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मिळतं, ते कापसाच्या बोळ्याने त्या तोंडावर लावा. हातात मोजे हवेत, कारण डाग जात नाही. थोड्याच वेळात एकजीव दिसणाऱ्या तोंडावर हद्दी उमटतात. सांध्याचा त्रिकोण वेगळा, त्याभोवती तापलेल्या धातूची गडद पट्टी, पलीकडे मूळ पट्टी. आता दोन पट्ट्या जिथे काटकोनात भेटतात त्या कोपऱ्यात बघा. तिथे बारीक काळी रेघ सांध्याच्या पोटात शिरलेली दिसली, तर धातू कोपऱ्यापर्यंत पोहोचलाच नव्हता. वरून सांधा निर्दोष दिसत होता. करंट कमी पडला, आर्क लांब राहिली किंवा फिलर घाईने घातला, यांपैकी एक. पुढचा तुकडा करंट दहाने वाढवून मारा, पुन्हा कापा, दोन्ही तुकडे शेजारी ठेवा.

छेद घ्यायला वेळ नसेल तर तोच तुकडा शेगड्यात पकडून उभी पट्टी हातोड्याने सांध्याच्या बाजूला पाडायची. त्याने मुळाशी ताण येतो. चांगला सांधा पट्टीसकट वाकतो. वाईट सांधा उघडतो, आणि आत पट्टीची मूळ सरळ कड जशीच्या तशी, करवतीच्या खुणांसह दिसते. स्वतःच्या हाताने मारलेला देखणा सांधा असा फोडून बघणं जिवावर येतं. पण हात सुधारतो तो याच वेळी, आणि म्हणून प्रत्येक प्रकाराच्या सांध्याचे निदान पहिले तुकडे फोडण्यासाठीच मारावेत, असं पुस्तकात सुचवलं आहे. प्रत्येक तुकड्यावर मार्करने करंट, फिलरची जाडी आणि कपाचा नंबर लिहून ठेवावा. न लिहिलेले तुकडे महिन्याभराने भंगार होतात, लिहिलेले असतील तर त्यांचीच वही होते.

स्टेनलेसच्या रंगांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. फिकट पेंढ्यासारखा ते सोनेरी, हे ठीक. निळा-जांभळा म्हणजे उष्णता जास्त किंवा गॅस कमी. करडा आणि मंद म्हणजे पृष्ठभाग बिघडला, तिथे गंज धरण्याची शक्यता वाढली. रंग हा ऑक्साइडच्या थराचा असतो, कौशल्याचा बिल्ला नव्हे. शिवाय स्टेनलेसची मागची बाजू उघडी राहिली तर तिथे काळा, दाणेदार, जळक्या साखरेसारखा थर येतो. जिन्याच्या रेलिंगला त्याने बिघडत नाही. दुधाच्या पाइपलाइनीत किंवा नाशिककडच्या वायनरीच्या टाकीत तो मुळीच चालत नाही, कारण तिथे जंतू अडकून बसतात. म्हणून अशा पाइपाच्या आतही आर्गन सोडतात. घरी सरावाला रेलिंगवाल्याकडून पाइपांचे तुकडे आणाल तर एक लक्षात असू द्या: चुंबक न चिकटणं ही ३०४ ग्रेडच्या स्टेनलेसची खूण नाही. स्वस्तातल्या २०२ लाही चुंबक चिकटत नाही. ३०४ ला ३०८एल फिलर, स्टेनलेस लोखंडाला जोडताना ३०९एल.

अॅल्युमिनियम शेवटी ठेवलं आहे. ते ६६० अंशांना वितळतं आणि त्याच्यावरचा ऑक्साइडचा पापुद्रा दोन हजार अंशांच्या वर. त्यामुळे आतलं पाणी होतं तरी वरची साय तशीच राहते, आणि तापताना रंगही बदलत नाही. एसी करंटचा अर्धा फेरा तो पापुद्रा उडवतो, अर्धा फेरा उष्णता देतो. लोखंडावर पडल वाचायची सवय लागल्याशिवाय तिकडे वळू नये. बाइकच्या इंजिनाचं तडकलेलं कव्हर घेऊन मित्र येतीलच, पण वर्षानुवर्षं तेल प्यायलेलं ते कास्टिंग नवशिक्याचं काम नव्हे.

सुरक्षिततेचे नियम जागोजागी दिले आहेत, त्यातले काही मुद्दाम इथे. आर्कच्या अतिनील किरणांनी डोळे सहा ते बारा तासांनी झोंबू लागतात, बहुधा मध्यरात्री, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे. बटाट्याच्या चकत्या ठेवायची जुनी पद्धत आहे. तिने गार वाटेल एवढंच, दुखणं बरं होणार नाही, आणि दुखणं जास्त असेल तर डॉक्टरांकडे जावं. टिगचा उजेड रॉडपेक्षा स्वच्छ आणि तीव्र असतो, अर्ध्या बाहीच्या शर्टात हात भाजतात. आर्क बघायला आळीतली पोरं जमतात, त्यांच्यासाठी पडदा लावणं आपलं काम आहे. ब्रेक क्लीनरसारख्या क्लोरीनयुक्त द्रावणाने पुसलेल्या धातूवर आर्क कधीही लावू नये. त्यातून फॉस्जीन हा प्राणघातक वायू बनतो, आणि त्याला फार मोठं प्रमाण लागत नाही. गॅल्व्हनाइज्ड पाइपावरचं जस्त सांध्याच्या आसपास पूर्ण घासून काढायचं, नाहीतर पांढऱ्या धुराने रात्री थंडी वाजून ताप येतो. आर्गन विषारी नाही, पण बंद खोलीत ते तळाशी साचून ऑक्सिजनला जागा ठेवत नाही. खोलीला खेळती हवा हवी, फक्त ती सांध्यावरून जायला नको. सिलिंडर उभा आणि साखळीने भिंतीला बांधलेला.

आणि काही कामं घरी करायचीच नाहीत. एलपीजीचा सिलिंडर, पेट्रोलची टाकी (पाण्याने धुतलेलीसुद्धा), दाबाखाली चालणारं कोणतंही भांडं, गाडीचं स्टिअरिंग, फोर्क, ब्रेकचे भाग. या कामांच्या सांध्यांना प्रमाणित वेल्डर आणि क्ष-किरणासारखी तपासणी लागते. हॅकसॉ आणि फेरिक क्लोराइडने सरावाचे तुकडे तपासता येतात, कामाचा सांधा कापून बघता येत नाही. न कापता तपासण्याचा घरी परवडणारा एकच मार्ग मला माहीत आहे, तो म्हणजे डाय पेनिट्रंट: क्लीनर, लाल रंग आणि पांढरा डेव्हलपर अशा तीन डब्यांचा संच. सांधा स्वच्छ करून लाल रंग लावायचा, डब्यावर लिहिलेला वेळ थांबायचं, पुसून डेव्हलपर मारायचा. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. पृष्ठभागावर उघडणाऱ्या भेगाच तेवढ्या यात सापडतात, पोटातल्या नाही. आर्क झटकन तोडल्यावर सांध्याच्या शेवटच्या खड्ड्यात पडणारी चांदणीसारखी भेग मात्र यात हमखास पकडली जाते. करंट हळूहळू उतरवत आणि शेवटचा थेंब फिलरने भरून आर्क विझवली तर ती पडत नाही. हा संच वापरायची रीत आणि त्याने पकडलेल्या भेगांची छायाचित्रं शेवटच्या प्रकरणात आहेत.